अख्खी कोंबडी घरी कापायची आहे. सुरी नेमकी कुठे चालवावी?

नवखी_सुदामानगर

नमस्कार. आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. महिन्यातून दोन-तीन रविवारी आमच्याकडे कोंबडीचा रस्सा होतो आणि आजवर कोंबडी दुकानातूनच तुकडे करून येत असे. दुकानदार लाकडी ठोकळ्यावर कोंबडी ठेवतो, सत्तुराचे पंधरा-वीस घाव घालतो आणि दोन मिनिटांत पिशवी हातात देतो. त्याच्या वेगाबद्दल माझे काही म्हणणे नाही, परंतु त्या घावांनी हाडे वाटेल तिथे फुटतात आणि त्यांच्या सुईसारख्या कपच्या मांसात रुतून बसतात. गेल्या महिन्यात अशीच एक कपची माझ्या पाच वर्षांच्या मुलाच्या हिरडीत घुसली. रक्त फार आले नाही, पण तेव्हापासून तो रश्श्यातला तुकडा तोंडात घालण्यापूर्वी बोटांनी चाचपून पाहतो, आणि ते बघताना मलाच घास गिळवत नाही.

म्हणून मागच्या रविवारी मी कोंबडी सोलून आणि साफ करून, पण अख्खीच मागितली. दुकानदाराने दोनदा विचारून खात्री करून घेतली. वजन १ किलो ३०० ग्रॅम भरले. घरी आल्यावर भाजीच्या सुरीने मी मांडीच्या मधोमध कापायला सुरुवात केली. सुरी हाडावर अडली, जोर लावताच घसरली आणि अंगठ्याच्या अगदी जवळून फळीवर आपटली. पुढे छाती कापताना मांसाच्या चिंध्या झाल्या, आणि पाठीचे काय करावे हे न सुचल्याने शेवटी मी ती तशीच कुकरमध्ये घातली. पाऊण तास गेला आणि हाती आलेले तुकडे दुकानातल्यापेक्षाही वाईट होते.

कोंबडी कोणत्या क्रमाने कापावी, सुरी कोठे चालवावी आणि कोठे चालवू नये, हे कोणी नीट समजावून सांगेल का? सत्तूर विकत घ्यावाच लागेल का? आणखी एक अडचण अशी की सासूबाई सामिष खात नाहीत. स्वयंपाकघर एकच असल्यामुळे कापताना शिंतोडे कमीत कमी उडावेत आणि नंतरची स्वच्छता चोख व्हावी, याची मला काळजी घ्यायची आहे. शिवाय कचऱ्याची गाडी सकाळी येऊन जाते आणि कोंबडी दुपारी कापली जाते. तेव्हा उरलेली हाडे दुसऱ्या दिवसापर्यंत कशी ठेवावीत, हेही सांगावे.


छावणीकर

ताई, इथे छावणीत मी बावीस वर्षे खानावळ चालवली आणि त्यातली पहिली काही वर्षे कोंबड्या कापण्याचे काम माझ्याकडेच होते. सत्तूर घेऊ नका. तुमची सुरी घसरली याचे कारण हात कच्चा होता हे नाही. सुरी हाडाच्या मध्यावर होती आणि तिथे ती कोणाच्याही हातात अडली असती. कोंबडीच्या अंगात सुरी आपणहून शिरेल अशा जागा ठरलेल्या आहेत आणि त्या सगळ्या सांध्यांच्या आहेत. एक हाड संपून दुसरे सुरू होते तिथे पातळ शिरा आणि कूर्चा एवढेच असते. तिथे धार लागली की खटका न होता सुरी आरपार जाते, आणि खटका ऐकू आला किंवा हाताला अडथळा जाणवला तर जागा चुकली असे समजून सुरी बोटाच्या पेरभर इकडे-तिकडे सरकवावी. जोर वाढवू नये.

तेव्हा पहिले काम बोटांचे आहे. कोंबडी फळीवर पाठीवर निजवा, पाय तुमच्याकडे येऊ द्या आणि सुरी बाजूला ठेवून एक तंगडी हातात धरून गोल फिरवा. दुसऱ्या हाताचे बोट मांडी आणि धड यांच्या मधल्या खाचेत ठेवलेत तर आत एक गोळा फिरताना जाणवेल. तो खुब्याचा उखळीचा सांधा. आता सुरी घेऊन मांडी आणि छाती यांच्यामधला पातळ पडदा कापा. तिथे मांस जवळजवळ नसतेच. मग सुरी पुन्हा खाली ठेवा, मांडी बाहेरच्या बाजूला ओढून पाठीच्या दिशेने मोडल्यासारखी दाबा. हलकासा आवाज होऊन पांढरा, गुळगुळीत, हरभऱ्यापेक्षा किंचित मोठा गोळा उखळीतून बाहेर येईल. तो डोळ्यांना दिसला की त्याच्या आणि उखळीच्या मधून सुरी घाला. इथे घाई मात्र करू नये, कारण मांडीच्या वर, पाठीच्या हाडाच्या खोबणीत, रुपयाच्या नाण्याएवढा मांसाचा एक मऊ गोळा असतो. सरळ कापल्यास तो पाठीलाच राहून जातो. सुरीचे टोक त्याच्या खालून हाडाला घासून फिरवले तर तो मांडीबरोबर अलगद सुटून येतो. सगळ्या कोंबडीत मला सर्वांत आवडणारा घास तोच आहे.

दोन्ही पाय सुटले की तंगडी आणि मांडी वेगळी करायची. सुटा पाय आतली बाजू वर करून फळीवर ठेवा. गुडघ्याच्या वाकणावर चरबीची एक बारीक पांढरी रेघ दिसेल. सोललेल्या कोंबडीत ती कधी पुसट असते, पण बोटाने दाबल्यावर खळगा लागतोच. हा बिजागरीसारखा सांधा आहे. रेघेवर, किंवा तिच्या अगदी लगत तंगडीच्या बाजूला, सुरी सरळ खाली दाबा. पहिल्या दोन-तीन कोंबड्यांत चुकेल. चौथ्या वेळी हाताला जागा पाठ झालेली असते.

पंखांची रीत तीच आहे. पंख धडापासून ओढून धरा, खांद्यात गोळा फिरतो तिथे खालून काप द्या, सांधा उघडून दिसला की आरपार जा. पंखाचे शेवटचे टोक वेगळे करून रस्सा उकळायला ठेवावे, कारण त्याच्यावर खाण्यासारखे काही नसते.

यानंतर पाठ. इथे सुरीऐवजी स्वयंपाकघरातली दणकट कात्री घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. कोंबडी मान खाली करून उभी धरा. बाजूने पाहिल्यावर बरगड्यांच्या मधोमध एक तिरकी रेघ दिसते, कारण कोंबडीच्या बऱ्याच बरगड्या दोन तुकड्यांच्या असतात आणि ते तुकडे त्या रेघेवर जोडलेले असतात. शेपटीकडून सुरुवात करून त्या रेघेने मानेपर्यंत एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने कात्री चालवली की पाठ, मान आणि शेपटी एकसंध निघते आणि छाती हातात उरते. शेपटीच्या वरच्या बाजूला तेलाची छोटी पिवळसर गाठ असते, ती राहिली असेल तर कापून टाका; तिचा वास रश्श्यात उतरतो.

छातीचे दोन भाग करण्यापूर्वी मानेच्या बाजूला बोट घालून इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे बारीक हाड शोधा, दोन्ही बाजूंनी सुरीच्या टोकाने मोकळे करा आणि ओढून काढा. हे हाड आत राहिले की कापताना तुटते आणि मुलांच्या घशाला धोका असलेली कपची बहुधा याचीच असते. मग छाती पालथी घाला. आतून मधोमध जे उभे हाड दिसते त्याच्या वरच्या टोकाशी पांढरी कूर्चा असते. तिच्यात अर्धा इंच काप द्या आणि दोन्ही हातांनी छाती पुस्तक उघडल्यासारखी मागे वाकवा. मधले हाड आपणहून उचलून येते. त्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठा फिरवून ते ओढून काढले की उरते ते फक्त मांस आणि बारीक बरगड्या, आणि सुरीने दोन, मग चार भाग सहज होतात.

दोन तंगड्या, दोन मांड्या, दोन पंख आणि छातीचे चार तुकडे असे दहा तुकडे होतात आणि यात कुठेही हाड फोडावे लागत नाही. सुरी पाच-सहा इंची पात्याची आणि टोकदार असावी, आणि धार अशी असावी की टोमॅटोवर ठेवून नुसती ओढली तरी साल कापली जावी. धार लावणारा दारावर येईपर्यंत थांबायचे नसेल तर चिनीमातीचा कप पालथा घालून त्याच्या बुडाच्या खरबरीत कडेवर पाते तिरके धरून आठ-दहा वेळा ओढावे. बोथट सुरीला जोर द्यावा लागतो आणि तुमची सुरी घसरली ती या जोरामुळेच. फळीखाली ओले फडके दुमडून ठेवा, म्हणजे ती जागची हलत नाही. कोंबडी हाताला बुळबुळीत लागली तर कागदी रुमालाने टिपून घ्या, आणि फ्रिजमधून काढल्या काढल्या कापायला बसा, कारण थंड मांस घट्ट असते आणि काप स्वच्छ येतो.


रामबागेतली_आजी

वरचे उत्तर वाचून फार बरे वाटले. माझी एक दुरुस्ती आहे आणि एक भर.

दुरुस्ती सुरीबद्दलची. माझी आई विळीवर कोंबडी कापत असे आणि मीही साठ वर्षांची होईपर्यंत विळीच वापरली. विळीचा मोठा फायदा असा की पाते जागचे हलत नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतात. एका हाताने धड आणि दुसऱ्या हाताने तंगडी धरून सांधा उघडायचा आणि उघडलेला सांधा पात्यावर टेकवून ओढायचा. पाते घसरून अंगठ्यावर येण्याचा प्रश्नच येत नाही. अर्थात ज्यांना विळीची सवय नाही त्यांनी कोंबडीपासून सुरुवात करू नये, आणि पाच वर्षांचे मूल घरात असेल तर काम संपताच पाते दुमडून विळी उंचावर ठेवावी. सासूबाईंची विळी असेल तर तिला हात लावू नका, बाई. आपली वेगळी आणा. सुरी, फळी आणि कोंबडीचे पातेले हे तीन जिन्नस वेगळे ठेवले आणि त्यांची जागाही वेगळी ठरवली की घरात कुरकुर होत नाही. आमच्याकडे माझ्या जाऊबाई माळकरी होत्या. चाळीस वर्षे एका ओट्यावर दोघींचा स्वयंपाक झाला आणि या कारणावरून शब्दाला शब्द लागला नाही.

भर अशी की दहा मोठे तुकडे रश्श्याला थोडे मोठे पडतात. पण ते लहान करण्यासाठी हाड फोडायला जाऊ नये. मांडीच्या आतल्या बाजूने हाडाला लागून उभी चीर द्यावी, सुरीच्या टोकाने मांस खरवडत हाड मोकळे करावे आणि मग त्या मांसाचे दोन-तीन तुकडे करावेत. तंगडी अख्खी ठेवावी, पण तिच्या जाड भागावर हाडापर्यंत जाणाऱ्या दोन तिरक्या चिरा द्याव्यात, म्हणजे मीठ-हळद आणि आले-लसूण आत मुरते. पाठ, मान, पंखांची टोके, मांडीची हाडे आणि छातीचे मधले हाड पातेल्यात घालून बुडतील इतके पाणी घ्यावे, एक कांदा चार फोडी करून, आल्याचा तुकडा आणि सात-आठ मिरी घालून मंद आचेवर दीड तास उकळू द्यावे. वर येणारा फेस काढत राहावे. हे पाणी स्वच्छ पंचातून गाळून रश्श्यात साध्या पाण्याऐवजी घालावे. हाडांची चव पूर्ण उतरते आणि कपची असली तरी ती पंचातच राहते. एकदा असा रस्सा केलात तर नुसत्या पाण्याचा रस्सा तुम्हाला पांचट लागेल.

रस्सा शिजवताना छातीचे तुकडे सुरुवातीपासून घालू नका. आधी तंगड्या आणि मांड्या घालाव्यात, त्या अर्ध्या शिजल्या की छाती घालावी. सगळे एकदम घातले तर मांडी होईपर्यंत छातीचा चोथा होतो. दुकानातल्या मिसळलेल्या तुकड्यांत ही निवड करता येत नाही, आणि घरी कापण्याचा मला वाटणारा सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

आता धुण्याबद्दल. हल्ली सगळीकडे कोंबडी धुऊ नये असे सांगतात. मी मात्र तीन पाण्यांनी धुते आणि धुतल्याशिवाय माझे मन मानत नाही. जाणकारांनी यावर काही सांगावे.


महूचा_पशुवैद्य

मी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो आणि नोकरीतला पुष्कळ काळ कोंबड्यांच्या तपासणीत गेला. आजींच्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे जिवाणू असू शकतात. पाण्याने धुतल्यावर ते निघून जात नाहीत, कारण ते मांसाला चिकटून असतात. उलट नळाच्या धारेने उडालेल्या बारीक थेंबांबरोबर ते मोरी, ओटा, शेजारची भांडी आणि चिरून ठेवलेली कोशिंबीर इथवर पोचतात. त्यांचा नाश होतो तो उष्णतेने. मांसाचा सर्वांत जाड भाग आतून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापला की काळजी उरत नाही, आणि उकळत्या रश्श्यात नीट शिजलेला तुकडा त्याहून अधिक तापलेला असतो. तेव्हा न धुणे हेच योग्य. तरीही, आजी, आपले मन मानत नसेल तर नळाखाली कोंबडी धरू नका. खोलगट पातेल्यात पाणी घेऊन तुकडे त्यात अलगद बुडवून काढा, पाणी मोरीत हळू ओता आणि लगेच मोरी साबण व गरम पाण्याने घासून काढा. ज्या घरात कोणी सामिष खात नाही तिथे तर हे अधिकच पाळायला हवे. कोशिंबीर आधी चिरून झाकून ठेवावी आणि कोंबडी सर्वांत शेवटी हाती घ्यावी, या साध्या क्रमाने निम्मा धोका टळतो. कच्च्या कोंबडीचा हात मिठाच्या डब्यात किंवा मसाल्याच्या पाळ्यात जाऊ नये म्हणून लागणारे मीठ, हळद आणि तिखट आधीच वाटीत काढून ठेवावे.

धुण्यापेक्षा महत्त्वाचे काम म्हणजे पाठ आतून साफ करणे, आणि ते दुकानात बहुधा राहून जाते. पाठ वेगळी झाल्यावर तिच्या आतल्या बाजूला पाहा. बरगड्यांच्या मध्ये गुलाबी, स्पंजासारखी फुप्फुसे चिकटलेली असतात आणि त्यांच्या खाली, कण्याच्या दोन्ही बाजूंच्या खळग्यांत, गडद तांबडी मूत्रपिंडे असतात. चमच्याच्या दांड्याने किंवा अंगठ्याच्या नखाने ती खरवडून काढावीत. आजींनी सांगितलेला अर्क गढूळ आणि उग्र होतो तो बहुधा यांच्यामुळेच. कलेजी आणि पेटा (इथे ज्याला पोटा म्हणतात) दुकानदाराने वेगळा दिला असेल तर कलेजीला लागून हिरवट पिशवी राहिली नाही ना, हे पाहून घ्या. ती पित्ताची पिशवी असते. ती फुटून कुठे हिरवा डाग पडला असेल तर तो भाग धुण्याऐवजी कापून टाकावा, कारण तो कडूपणा पाण्याने सहज जात नाही.

छावणीकरांनी सांगितलेल्या पद्धतीला शरीररचनेचाही आधार आहे. दुकानात मिळणारी ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांची असते. त्या वयात हाडांची टोके आणि सांध्यांजवळचा भाग पुरता टणक झालेला नसतो, म्हणून सांध्यावर सुरी लोण्यातून जावी तशी जाते. हाडाचा मधला भाग मात्र तेव्हाही कठीण आणि ठिसूळ असतो आणि घाव बसताच उभा चिरफाळतो. कोंबडीचे वय ओळखण्याची खूणही यातच आहे. छातीच्या मधल्या हाडाचे पोटाकडचे टोक बोटाने वाकवून पाहावे. ते कानाच्या पाळीसारखे लवले तर कोंबडी कोवळी, आणि मुळीच लवले नाही तर वय झालेली. झाबुआकडून येणारी कडकनाथ कोंबडी कोणी आणली तर हा फरक चटकन कळेल. तिची वाढ सावकाश होते, त्यामुळे ती दुकानात येईपर्यंत कित्येक महिन्यांची झालेली असते आणि तिचे सांधे शोधायला जास्त वेळ लागतो. तिचे मांस आणि हाडांवरचे आवरणही काळे असते, ते मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे. खराब झाले समजून कोणी टाकून देऊ नये. झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

साध्या ब्रॉयलरच्या तंगडीतही हाडाजवळ कधी कधी काळपट रंग दिसतो, विशेषतः कोंबडी गोठवलेली असेल तर. कोवळे हाड सच्छिद्र असते आणि त्यातल्या मज्जेचा रंग बाहेर झिरपतो. त्याने अपाय होत नाही. आजींनी छाती उशिरा घालायला सांगितले आहे त्याचेही कारण आहे. कोंबडी दिवसभर चालते, पण उडत जवळजवळ नाही. म्हणून पायांच्या स्नायूंत प्राणवायू साठवणारे मायोग्लोबिन आणि स्नायूंना बांधणारे चिवट तंतू जास्त असतात आणि छातीत कमी. पाय जसा शिजतो तसा मऊ होत जातो, तर छाती जास्त शिजली की कोरडी पडते.

कापलेली कोंबडी लगेच शिजवायची नसेल तर ४ अंश किंवा त्याहून थंड फ्रिजमध्ये, झाकणाच्या डब्यात, सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावी आणि एक-दोन दिवसांत वापरावी. मसाला लावून मुरवत ठेवायची असली तरी ती फ्रिजमध्येच ठेवावी. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा ओट्यावर मुरवत ठेवलेली कोंबडी तासाभरातही बिघडू शकते.


राजवाड्याजवळचा

कचऱ्याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. उकळून गाळलेली हाडे, कापताना निघालेली चरबी आणि साफ करून काढलेले भाग जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळावेत आणि झाकणाच्या जुन्या डब्यात घालून तो डबा थेट फ्रीजरमध्ये ठेवावा. सकाळी गाडीचा आवाज आला की पुडके काढून ओल्या कचऱ्यात द्यावे. गोठलेल्या हाडांना वास येत नाही, मुंग्या लागत नाहीत आणि रात्री मांजरे डबा पाडत नाहीत. सासूबाईंना फ्रीजरमध्ये हाडे ठेवणे रुचणार नसेल तर कोंबडी शनिवारी संध्याकाळी आणून रविवारी गाडी येण्यापूर्वी सकाळीच कापावी. आमच्याकडे तसेच करतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मात्र देऊ नका. ओला कचरा प्लॅस्टिकशिवायच द्यावा लागतो.


नवखी_सुदामानगर

सर्वांचे मनापासून आभार. काल सगळे नीट वाचून आणि सुरीला कपाच्या बुडावर धार लावून पुन्हा प्रयत्न केला. सकाळी सातला बसले होते. पहिली मांडी मोडून दाबली आणि खरोखर पांढरा गोळा उखळीतून वर आला, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी सासऱ्यांना हाक मारून दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो न्याहाळला आणि दुसऱ्या बाजूची मांडी स्वतः सोडवून दिली. गुडघ्याची पांढरी रेघ मला एका पायावर स्पष्ट दिसली, दुसऱ्यावर दिसली नाही. पण बोटाने दाबल्यावर खळगा लागला आणि सुरी एकाच दाबात खाली गेली. व्ही आकाराचे हाड न तुटता निघाले. पाठीतली मूत्रपिंडे चमच्याच्या दांड्याने काढली आणि ती इतकी असतात याचे आश्चर्य वाटले. आजवर ती आम्ही रश्श्यातून खात आलो होतो. सगळे मिळून पंचवीस मिनिटे लागली.

अर्क पंचातून गाळल्यावर पंचात तीन बारीक कपच्या मिळाल्या. त्या कात्रीने बरगड्या कापताना तयार झाल्या असाव्यात. मुलाला तंगडी दिली. त्याने सवयीप्रमाणे पहिला घास चाचपून पाहिला, आणि मग चाचपायचे विसरून गेला.

एकच ठिकाण जमले नाही. पाठ काढताना कात्री दोन्ही बाजूंनी मानेजवळ आल्यावर खांद्याशी एका जाड हाडावर अडली. मी जोर लावला तेव्हा ते हाड फुटले. तिथे काय करायला हवे होते?


छावणीकर

ताई, तिथे बहुतेक सगळेच अडतात आणि मी लिहिताना ती जागा गाळली, ही माझी चूक झाली. खांद्यापासून छातीच्या हाडापर्यंत दोन्ही बाजूंना एकेक जाड, आखूड हाड जाते, आणि ते कात्रीने कापायचे नसते. बरगड्यांच्या रेघेने मानेकडे येताना ते हाड लागले की कात्री खाली ठेवा. एका हाताने छाती फळीवर दाबून धरा, दुसऱ्या हाताने पाठ शेपटीच्या टोकाला धरून मागे वाकवा, अगदी खोक्याचे झाकण उघडावे तशी. खांद्याचे सांधे दोन्हीकडे ताणले जाऊन उघडतात आणि हाडांच्या मध्ये सुरीचे टोक जाईल एवढी फट पडते. त्या फटीतून टोक घालून शिरा तेवढ्या तोडल्या की पाठ हातात येते. तुमचे पंख आधीच काढून झालेले असतात, त्यामुळे पंखाचा सांधा जिथून निघाला तो खळगा समोर दिसतच असतो. फट नेमकी त्याच्या मागे, मानेच्या बाजूला पडते.

बरगड्यांच्या कपच्यांबद्दल सांगायचे तर कात्रीची टोके वापरू नका. बरगडी कात्रीच्या मुळाशी, खिळ्याजवळ घ्या आणि एका दाबात कापा. टोकाने कापताना बरगडी आधी चेपते आणि मग तुटते, त्यामुळे तिच्या कपच्या उडतात. खिळ्याजवळ ती सरळ तुटते.